रंध्याच्या पलीकडून

ही घटना खरी आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो थोरला मिस्त्री अजून आहे. रोज सकाळी शेड उघडतो. त्याच्या हातांची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि नेमकं त्याचमुळे लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघतात.

आणखी एक. हे सगळं रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. पत्रा तापला होता, शेजारच्या गॅरेजात रेडिओ चालू होता, आणि समोरच्या गल्लीतून माणसं येत-जात होती. भुतं अंधाराची वाट बघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. निदान दुपारची झोप तरी लागेल.

गल्लीच्या टोकाला सुतारकामाची शेड. दोघे भाऊ ती चालवायचे. थोरला आणि धाकटा. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत, जरी तो थोरल्यापेक्षा वीतभर उंच होता.

वडिलांची एकच शिस्त होती. मशीनवर दोघं असतील तर बटण दाबणाऱ्याने आधी ओरडायचं, "हात?"

पलीकडच्याने उत्तर द्यायचं, "बाहेर."

उत्तर आलं नाही तर बटणाला शिवायचं नाही. हात आत असेल तर "थांब" म्हणायचं. बस्स, एवढंच. वडील दहा बोटांनिशी सरणावर गेले, आणि त्या धंद्यात ही काही लहान गोष्ट नाही.

थोरल्याला जुन्या मशीनचं वेड होतं. एका बंद पडलेल्या चौकटींच्या कारखान्यातून त्याने जाडी काढायचा रंधा उचलून आणला. बिडाचा, म्हशीएवढा, गंजून लाल झालेला. एका बाजूने फळी आत सरकवायची, पोटात पाती फिरतात, दुसऱ्या बाजूने फळी गुळगुळीत होऊन बाहेर येते. वर भुशासाठी पत्र्याचं एवढं मोठं धुराडं, की अलीकडच्याला पलीकडचा दिसायचाच नाही.

म्हणूनच ती हाक लागायची.

"दादा, हे भंगार चालू व्हायच्या आधी मी म्हातारा होईन," बारक्या म्हणाला.

"मग होऊ दे की! चालू होईपर्यंत तू कुठे जायचं नाहीस."

चेष्टेत म्हटलेलं नव्हतं ते. बारक्याने स्वतःची शेड बघून ठेवली होती. त्याला वेगळं व्हायचं होतं. थोरल्याला ते सहन होत नव्हतं. ज्याला रंधा धरायला शिकवलं तोच आता पाठ फिरवणार, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तो मुद्दाम काम लांबवू लागला. बेअरिंग बसवायची, पुन्हा काढायची. रॉकेलने घासलेलं पुन्हा घासायचं.

एकदा जेवताना तो बायकोसमोर, मेहुण्यासमोर सरळ बोलून गेला, "हा कसा जातो तेच बघतो मी."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळ्यांनी ठेवलं.

रंग खरवडताना पहिली गोष्ट दिसली. फळी जिकडून आत जाते तिकडचा रंग दोन्ही कडांना झिजला होता. वर्षानुवर्षं हात टेकून टेकून झिजतो तसा. पण फळी जिकडून बाहेर येते, त्या बाजूला...

फक्त डावी कड झिजलेली होती.

उजव्या कडेचा रंग कोरा. जणू कालच लावलेला.

"इथे उभा राहणारा एकाच हाताने काम करत असणार," थोरला म्हणाला.

"दुसऱ्या हातात चहाचा कप असेल," बारक्या म्हणाला, आणि दोघंही हसले. पोट धरून हसले.

शेवटी वायरमन मोटर जोडून गेला. रंधा चालू झाला. जुनी मशीनं गुरगुरतात, हा गात होता. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कबूल करायला हवं, भावासाठी कधी आलं नव्हतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्या बाहेर गेला होता. थोरला एकटाच. सवयीने तो ओरडला, "हात?"

"बाहेर."

त्याने बटण दाबलं. फळी आत सरकवली. आला वाटतं बारक्या, असं मनात म्हणाला. दुसरी सरकवली. तिसरी. आणि मग त्याच्या लक्षात आलं...

पलीकडे फळी पडल्याचा आवाज येत नव्हता.

फळी झेलणारं कोणी नसेल तर ती दाणकन खाली आपटते. इथे काहीच नाही.

त्याने मशीन बंद केलं आणि वळसा घालून पलीकडे गेला.

कोणी नव्हतं.

फळ्या मात्र एकावर एक रचलेल्या होत्या. कडेला कड लावून. वरच्या फळीवरचा भुसासुद्धा कोणीतरी पुसून काढलेला.

दुसरा असता तर तिथून धूम ठोकून पळाला असता. थोरलाही घाबरला. पण तो मुळात कामाचा माणूस. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली, आणि दोन दिवसांनी मुद्दाम एकटा असताना पुन्हा हाक मारली.

"हात?"

"बाहेर."

आवाज थकलेला, शांत. काही मागणं नाही, काही तक्रार नाही.

मग एकदा उत्तर आलं नाही.

"हात?"

...

"हात?"

...

थोरल्याने वाकून आत बघितलं. पात्यांच्या तोंडाशी पाना विसरला होता. बटण दाबलं असतं तर तो पाना गोळीसारखा त्याच्या छातीत घुसला असता.

त्या दिवसापासून त्याचा विश्वास बसला. माणसावर बसत नाही इतका बसला. पलीकडे जो कोणी आहे तो आपल्या भल्याचा आहे, असं त्याच्या डोक्यात घट्ट झालं. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? बिनपगारी मदतनीस मिळालाय म्हणून?

आणि इथेच नशिबाने त्याची क्रूर थट्टा केली. एकटं राहायची भीती गेली, तसा त्याच्या मनातला अढीचा खिळा निघाला. एका सकाळी तो बारक्याला म्हणाला, "जा तू. तुझी शेड घे. उगाच अडवलं मी तुला."

बारक्या बघतच राहिला. "दादा, खरंच?"

"खरंच. तुझ्या शेडच्या दरवाजाच्या फळ्या आपल्याच रंध्यावर काढू."

शेडमध्ये दोघंच होते. हे बोलणं तिसऱ्या कोणी ऐकलं नाही. रागाने बोललेलं सगळ्या घराने ऐकलं होतं, आणि मायेने बोललेलं एकाच माणसाने.

फळ्या काढायच्या दिवशी बारक्याला सर्दी झाली होती. आवाज पार बसला होता. तरी खुशीत होता. नव्या दरवाजाला कडी कोणती लावायची यावर बडबडत होता. शेजारी रेडिओ चालू होता.

शेवटची फळी अर्ध्यात अडकली. थोरल्याने मशीन बंद केलं.

"ढलप्या अडकल्यात," पलीकडून बारक्या म्हणाला. "काढतो."

थोरला थांबला. पाती थांबली. आत खरवडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"हात?" थोरला ओरडला.

"बाहेर."

बसका आवाज. सर्दी झालेला. बारक्याचाच.

थोरल्याने बटण दाबलं.

रंध्याचा सूर क्षणभर जड झाला...

मग पुन्हा मोकळा झाला, आणि छान गाऊ लागला.

बारक्या लगेच ओरडलासुद्धा नाही. आधी फळीच पडल्याचा आवाज आला, दाणकन. झेलायला कोणी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये तो शुद्धीवर आला. उजव्या मनगटाच्या पुढे पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा होता, आणि त्या गोळ्यात हात नव्हता. थोरला पलंगाची कड धरून उभा होता.

"मी 'थांब' म्हणालो होतो, दादा," बारक्या म्हणाला.

"मला 'बाहेर' ऐकू आलं. देवाशपथ, बारक्या, तुझाच आवाज होता."

बारक्याने तोंड छताकडे वळवलं.

"जा म्हणालास, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

घरी थोरल्याने सगळं सांगितलं. रचलेल्या फळ्या, पाना, पलीकडचा आवाज, सगळं. बायकोने ऐकलं आणि ती पदराने डोळे पुसत आत निघून गेली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, निदान भुताच्या नावावर तरी खपवू नका." जेवताना बोललेलं ते वाक्य घरात कोणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

नवी शेड दुसऱ्या कोणाला गेली. बारक्या काही महिने घरात बसला. मग एक दिवस उठून शेडमध्ये आला आणि रंध्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. डावा हात डाव्या कडेवर टेकवला.

तो नेमका त्या झिजलेल्या जागेवर बसला. बोटांसकट.

उजव्या कडेवर टेकवायला काही नव्हतं. तिथला रंग कोराच राहिला.

थोरला म्हणाला, "हे मशीन विकून टाकतो मी. आजच भंगारवाल्याला बोलावतो."

"विकायचं नाही," बारक्या म्हणाला. "माझा हात आहे त्यात."

त्या भावाला आता कशालाही नाही म्हणायची थोरल्याची हिंमत नव्हती. आणि बारक्याला हे पक्कं ठाऊक होतं.

"एक करू," बारक्या पुढे म्हणाला. "आपण जागा बदलू. फळ्या उचलायला दोन हात लागतात, दादा. बटण दाबायला एक पुरतो."

तेव्हापासून बारक्या बटणापाशी आणि थोरला पलीकडे.

काम सुरळीत चालू झालं. "हात?" "बाहेर." "हात?" "बाहेर." ऐकणाऱ्याला वाटावं, भावाभावांचं पुन्हा जमलं.

मग एका दुपारी ढलप्या अडकल्या. बारक्याने मशीन बंद केलं. पाती थांबली तसा थोरल्याने हात आत घातला. मनगटापर्यंत. बोटांना पात्याची धार लागत होती.

"हात?" अलीकडून आवाज आला.

"थांब!" थोरला ओरडला. मोठ्याने. सर्दी नाही, खोकला नाही, गॅरेजातला रेडिओसुद्धा त्या दिवशी बंद होता.

...

मोटर सुरू झाली.

त्याने हात कसा ओढला हे त्याला आजही सांगता येत नाही. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटून आत गेली, भुसा होऊन धुराड्यातून उडाली. हात वाचला.

मशीन बंद झालं. बारक्या वळसा घालून सावकाश पलीकडे आला. फाटक्या बाहीकडे बघितलं. मग हाताकडे बघितलं. पाचही बोटं नीट बघितली.

"मी 'थांब' म्हणालो, बारक्या!"

"मला 'बाहेर' ऐकू आलं," बारक्या म्हणाला. "देवाशपथ, दादा. तुझाच आवाज होता."

थोरला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. खरं बोलतोय का? खोटं बोलतोय का? डोळे तेच होते, लहानपणापासून पाहिलेले, आणि त्यातलं त्याला काहीएक वाचता येईना. मग त्याला कळलं, हॉस्पिटलच्या त्या पलंगावरून बारक्याला आपलं तोंड असंच दिसलं असणार. तो तिथेच भुशात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बारक्याने त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "चल. फळ्या राहिल्यात."

रंधा अजून त्याच शेडमध्ये आहे. झकास चालतो. थोरला आता हाकेला उत्तरच देत नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून उभा राहतो, धुराड्यापलीकडून दिसावेत इतके उंच. तोंड घट्ट मिटलेलं असतं.

"हात?" बारक्या विचारतो.

...

"बाहेर."

बारक्या बटण दाबतो. तो आवाज नक्की कोणाचा, हे दोघंही एकमेकांना विचारत नाहीत.