डाव्या हाताला रेलिंग

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी धुकं डोंगराच्या धारेवर चढलं, आणि सव्वादोनला तिला स्वतःचे बूट दिसेनासे झाले. मागे तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून बाबा उभे होते. त्यांना काहीच फरक पडला नव्हता.

बाबांची नजर दीड वर्षात गेली होती. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, आणि आता उजेड आहे की नाही एवढंच कळत होतं. जमिनी मोजण्याच्या नोकरीत त्यांनी डोंगरच्या डोंगर पालथे घातले होते. असा माणूस खुर्चीत बसून बसून चिडका झाला, तेव्हा ती महिन्यातून एकदा त्यांना पायी फिरायला न्यायला लागली. दिसेल ते ती सांगे. सांगण्याची पद्धत बाबांनीच घालून दिली होती: दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, अंतर पावलांत, आणि विशेषणं अजिबात नकोत.

"दहाच्या दिशेला दरी," सकाळी ती म्हणाली होती. "फार सुंदर दिसतेय."

"सुंदर म्हणजे किती खोल?"

"बाबा!"

"टायपिस्टबाई, कोर्टात साक्षीदार 'सुंदर' म्हणाला, तर टाइप करता का?"

"करते. तो म्हणाला तर करावंच लागतं."

"मग तो मूर्ख. तुम्ही होऊ नका."

ती कोर्टात टायपिस्ट होती. बावीस वर्षांत कुणाच्या जबानीत पदरचा एक शब्द घातला नव्हता, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

दादाचा या फिरण्याला विरोध होता. "बागेत फिरव की," आदल्या दिवशी तो फोनवर म्हणाला होता. "धारेवर कशाला नेतेस? त्यांना काही झालं, तर तुझं तोंड बघणार नाही मी. सांगून ठेवतो."

"तुझ्या बागेत ते बाकावर ठेवल्यासारखे बसतात. इथे चालतात तरी," ती म्हणाली होती.

धार नाकासारखी निमुळती होती. वाट सोपी, पण खुणांवर चालायची. दर चाळीस पावलांवर एका दगडाला पांढऱ्या रंगाचा ठिपका. डावीकडे गवताचा उतार, आणि तो जिथे संपतो तिथे कडा. दोनच्या सुमाराला वाटेपासून वीसेक पावलांवर एक मोठा खडक दिसला, शेवाळ्याने मखमली झालेला. बाबांना हात लावायला मिळावा म्हणून ती त्यांना तिकडे घेऊन गेली. तेवढीच तिची चूक. बाबा खडक चाचपत असताना धुकं आलं, आणि वाट कुठल्या बाजूला राहिली ते तिला सांगता येईना.

फोनला रेंज नव्हती. धुकं विरेल म्हणून ती थांबली. अर्ध्या तासात ते आणखी दाट झालं. वारा सुटला. घामाने भिजलेला सदरा बाबांच्या पाठीला चिकटला होता. तिने आपलं जाकीट त्यांना घातलं, तरी त्यांचे दात वाजायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचं शरीर. आणखी तासभर इथे काढणं शक्य नव्हतं.

ती त्यांना घेऊन पाय सरकवत निघाली. पंधरा पावलांवर तिच्या बुटाखालून एक दगड निसटला. खाली पडल्याचा आवाज तिने ऐकला नाही.

बाबांनीही ऐकला नाही, आणि त्यांना त्याचा अर्थ कळला. ते मटकन खाली बसले.

"तू जा."

"वेड्यासारखं बोलू नका. उठा."

"तुला काही दिसत नाहीये. आवाजावरून कळतं मला. दोघं कशाला पडायचं? तू जा, माणसं घेऊन ये."

त्यांनी तिचा पट्टा सोडला. चालायला लागल्यापासून पहिल्यांदाच. एवढ्या मोठ्या माणसाला उचलून नेणं तिला जमणार नव्हतं, आणि इथे सोडलं तर परत सापडणार नाहीत, हेही तिला कळत होतं.

"रेलिंग आहे, बाबा," ती म्हणाली.

तिने आवाज साक्ष वाचून दाखवताना असतो तसा सपाट ठेवला.

"कसलं रेलिंग?"

"लोखंडी. हिरवा रंग. तुमच्या नऊच्या दिशेला, दोन पावलांवर."

"उंची?"

"कमरेएवढी."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. त्यांच्या हाताला काय द्यायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. आपला हात आडवा धरावा, हातातली काठी धरावी, असं काहीतरी मनात येत होतं, तोवर ते दोन पावलं बाजूला गेलेही. त्यांनी डावा हात पुढे केला.

अंगठी लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

"ओलं आहे," बाबा म्हणाले. "चला."

तिने हात लावून पाहिला. गार, गोल नळी. बोटं डोळ्यांशी नेली. हिरवी.

विचार करायला वेळ नव्हता. बाबा रेलिंग धरून पुढे निघाले होते, आणि पहिल्यांदाच ती त्यांच्या मागे होती. दहाएक पावलांवर ते थबकले. त्यांचा हात हवेत फिरत होता.

"संपलं की. पुढे?"

"पुढे... उजवीकडे वळतंय. वळून खाली जातंय."

हात पुन्हा टेकला.

मग ती गप्प राहिली नाही. पायाखाली काय, असं बाबांनी विचारलं. तिने दगडी पायऱ्या सांगितल्या. सगळ्या एका उंचीच्या, रुंद. बाबांचा बूट पायरीवर वाजला.

"किती?"

तिने एकशेबारा सांगितल्या. बाबा मोजत उतरले. एकशेबारा भरल्या.

"डाव्या अंगाला कडा किती अंतरावर आहे?"

"कडा नाही. गवत आहे. सपाट."

"मागून कोणी येतंय का?"

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"कोणी नाही," तिने घाईने सांगितलं. "आपण दोघंच आहोत."

शेवटी तिने एक खोली सांगितली. चार भिंती, पत्र्याचं छप्पर, दार उघडं, आत बाक. त्यापलीकडे तिने काही घातलं नाही. त्या बाकावर ते वीस मिनिटं बसले, आणि आतली हवा कोरडी होती. बाबांचे दात वाजायचे थांबले. तीन पस्तीसला दारात ऊन आलं. समोर खालचं कुरण होतं, कुरणाच्या टोकाला डांबरी रस्ता आणि बसथांबा.

कुरण निम्मं उतरल्यावर तिने मागे वळून पाहिलं. डोंगर वरपासून खालपर्यंत धुक्यात होता.

रस्त्यावर रेंज आल्यावर तिने फोन केला, आणि दादा गाडी घेऊन आला. येताना भांडायची पूर्ण तयारी करून आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बाबांना समोर हसताना पाहून तो खाली बसला आणि मुकाट्याने त्यांच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्या बांधायला लागला.

"एकशेबारा पायऱ्या," बाबा त्याला म्हणाले. "एकही उणी नाही. कुणीतरी मन लावून काम केलंय बघ."

"हाताला काय फासलंय हे?"

"रंग. ओला होता."

घरी दादाने थिनरच्या बोळ्याने त्यांचा तळवा पुसला. त्या रात्री बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले आणि लहान मुलासारखे झोपले. ती त्यांच्या दाराशी बराच वेळ उभी होती. श्वास नीट चालू होता. मग ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

सोमवारी तिने डोंगराची देखभाल बघणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन केला. आभार मानायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

"कुठलं रेलिंग?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"धारेवरचं. हिरवं."

"बाई, त्या रेलिंगचा कागद अकरा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. तुम्ही लावलं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही उद्घाटनाला येतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तिने आपलं नाव आणि फोन नंबर दिला, आणि विषय तिथेच सोडला. बाबा घरात होते, ठणठणीत होते. तिला आणखी काही नको होतं.

साहेबांचा फोन साडेपाच आठवड्यांनी आला. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही.

आदल्या दिवशी दुपारी एक नवराबायको धारेवर धुक्यात सापडले होते. दोघंही सुखरूप उतरले. त्यांनी जबाब लिहून दिला होता, तो साहेबांनी वाचून दाखवला. वाट चुकल्यावर त्यांना पुढे एका बाईचा आवाज ऐकू आला. ती कुणालातरी सांगत होती, रेलिंग डाव्या हाताला आहे, पायऱ्या एका उंचीच्या आहेत. आवाजाच्या रोखाने गेल्यावर त्यांच्या हाताला रेलिंग लागलं.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"तीनच्या सुमाराला. तुम्ही काल वर होतात का, एवढंच विचारायला फोन केला."

काल तीन वाजता ती आणि बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत होते. दादाही होता. तिने तसं सांगितलं.

 मग साहेबांनी उरलेला जबाब वाचला. उतरताना नवराबायकोने एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला मागे टाकलं. दिसले नाहीत, अगदी जवळून आवाज आला. मदत हवी का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही सावकाश येतो."

पायथ्याच्या फाटकावरच्या माणसाला त्यांनी तसं कळवलं. तो सात वाजेपर्यंत कंदील लावून बसला होता. पाच वाजताच धुकं गेलं होतं आणि डोंगर माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता. वरून आणखी कोणी उतरलं नाही.