तिसरी हाक

लच्छूभाऊ, तुम्ही माझ्या बाबांच्या टोळीत बांबू तोडलेत, म्हणून तुम्हालाच सांगायला आलो. जंगलातून बाहेर निघताना मुकादम म्हणून बाबा एकेकाला नावानं हाक मारायचे. "ओ" आली की माणूस सोबत आहे. नाही आली तर आणखी एक हाक. मग मागं फिरून शोधायचं, पण तिसरी हाक द्यायची नाही. "तिसऱ्या हाकेले जो ओ देते, तो आपला नसते," असं ते मलाही सांगत. मी हसायचो. शिकलेला ना मी, भाषासुद्धा बदलून घेतली.

मागच्या हिवाळ्यात त्यांना बँकॉकला माझ्याकडे नेलं. आई गेल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, लाओसमधला सोनेरी स्तूप पाहायची. भाड्याच्या गाडीनं आम्ही दिवसभर उत्तरेकडे गेलो. बाबा खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होते. "आपल्या नागभीडसारखंच दिसून राह्यलं रे," म्हणत होते. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सीमेवर गाडी ठेवली. पुढं मेकाँग नदीवरच्या पुलावरून बसनं पलीकडे जायचं होतं. भर दुपार होती, रांगेत घामाचा आणि तळलेल्या मासोळीचा वास. तिथंच माझ्या ऑफिसचे साहेब भेटले, बायकोसोबत फिरायला आलेले. मला ते आडनावानंच ओळखत. मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत मागं राहिलो. बाबांच्या पासपोर्टवर शिक्का आधी बसला. चिवड्याची पिशवी घेऊन ते बसच्या दाराशी उभे राहिले, आणि सवयीनं तोंडाशी हात धरून हाक मारली.

"नागसेनऽऽ!"

सगळी रांग वळून पाहू लागली. मी मान खाली घालून मोबाईल पाहत राहिलो.

"नागसेनऽऽ!"

साहेबांनी विचारलं, "तुमचे कुणी आहेत का?"

मी म्हणालो, "नाही. मी ओळखत नाही."

माझ्या जिभेला हाड नाही, लच्छूभाऊ. बाबा मला शोधत होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मागं फिरायला निघाले तर पोलिसानं अडवलं. आणि मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, तिसरी हाक मारली. आवाज फाटला होता.

नदीच्या बाजूनं उत्तर आलं. "ओ बाबा..."

आवाज माझा होता. तोंड माझं बंद होतं.

बाबांचा चेहरा फुलला. कुणाचा तरी हात धरावा तशी रिकामी मूठ धरून ते बसमध्ये चढले. मी धावत गेलो, शिक्का मारून घेतला, बस गाठली. ते खिडकीशेजारी बसले होते, बाजूची जागा मोकळी. मी बसायला गेलो तर अदबीनं म्हणाले, "भाऊ, इथी माहा पोरगा बसून हाये."

तेव्हापासून मी त्यांचा 'भाऊ'च आहे. स्तूप त्यांनी पाहिला, पण त्या दुसऱ्याला दाखवत पाहिला. नोकरी सोडून घरी आलो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीही तेच धरून बसलो होतो.

आज सांजेला बाबा वावरातून आले. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "नागसेन..." मी अंगणातच होतो. सगळा जीव एकवटून म्हणालो, "ओ बाबा!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते आत गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, हर्षाचा आवाज आला. हळूच विचारत होती, "बाबा... बाहेर कोण ओरडून राह्यला? हे तर इथी जेवून राह्यले."

आणि बाबांनी आतून कडी लावली.

मी दार ठोकलं नाही. कोणत्या तोंडानं ठोकू? तिथून सरळ तुमच्याकडे आलो. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. एकदा नावानं हाक मारून पाहा, लच्छूभाऊ. मी ओ देतो. तुम्हाला ऐकू नाही आली, तर आणखी एकदा मारा.

पण मग थांबा.