एकोणतीस अंशांचा तलाव

एकाच तलावातून, एकाच मिनिटाला दोन तक्रारी आल्या. रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चौथ्या पट्ट्यात पोहणाऱ्या एकाने आपल्या मनगटी पट्टीवर नोंदवलं, 'पाणी फार कोमट आहे. दम लागतो.' त्याच वेळी उथळ भागातल्या एका आईने नोंदवलं, 'पाणी फार गार आहे. मूल कुडकुडतंय.' दोघांमध्ये अंतर होतं अकरा मीटर. तापमापक दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवत होते : एकोणतीस अंश.

निमशेतच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावाची व्यवस्था जलज नावाचा यंत्रमानव पाहत असे. छताला लावलेल्या रुळावरून तो तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाई. गेल्या वर्षी, म्हणजे २०५१ साली, कामावर आल्याबरोबर त्याने सगळ्यांना विचारलं होतं की पाणी किती अंशांवर हवं. पट्ट्यांत सराव करणाऱ्यांनी सत्तावीस सांगितलं. लहान मुलांच्या पालकांनी एकतीस. जलजने सरासरी काढली आणि कामाला लागला.

"सरासरी बरोबर होती," कठड्यावर बसलेल्या कृत्तिकाला तो म्हणाला. "समाधानी माणसं मात्र शून्य. म्हणून तलावाची समिती बुधवारी सरासरी बंद करणार आहे. ज्या बाजूच्या सह्या जास्त, तिचं तापमान कायम. सध्या सत्तावीसच्या बाजूने एकशे अठरा सह्या आहेत आणि एकतीसच्या बाजूने चौऱ्याहत्तर."

एकशे अठरांतली एक सही कृत्तिकाची होती.

ती बारा वर्षांची होती आणि रोज सकाळी पट्ट्यांत सराव करत असे. शुक्रवारी सराव संपल्यावर प्रशिक्षक परांजपे सरांनी सह्यांचा कागद फिरवला, सगळ्यांनी सही केली, तिनेही केली. पोहताना तिला खरंच उकडत असे. त्या क्षणी तिला मिहिर आठवला नव्हता.

मिहिर तिचा पाच वर्षांचा भाऊ. जन्मापासून त्याच्या पायांचे स्नायू ताठ होते. जमिनीवर त्याला आधाराशिवाय चालता येत नसे. पाणी मात्र शरीराला वर उचलून धरतं, पायांवरचा भार कमी करतं. छातीइतक्या पाण्यात आईचं एक बोट धरून तो चालू शके. डॉक्टरांनी रोज अर्धा तास सांगितला होता. एकोणतीस अंशांत तो बारा मिनिटं टिकत असे. मग त्याचे ओठ निळे पडत, पाय आणखी आखडत आणि आई त्याला उचलून टॉवेलमध्ये गुंडाळी. सत्तावीस अंशांत बारा मिनिटंही मिळाली नसती.

कृत्तिकाने हे सगळं आधी अप्पाआजोबांना सांगितलं. आईच्या या वडिलांनी आयुष्यभर उष्मागतिकी (उष्णता कुठून कुठे आणि कशी जाते याचं शास्त्र) शिकवली होती. दर रविवारी ते कडेच्या पट्ट्यात सावकाश पोहत.

"सही मागे घेतलीस तरी एकशे सतरा उरतात," ते म्हणाले. "आधी मला सांग, खोटं कोण बोलतंय? तू की मिहिर?"

"कुणीच नाही."

"मग मोजून बघू."

जलजने दोघांच्या कानांत वाटाण्याएवढे तापमापक बसवले. कृत्तिका वीस मिनिटं जोरात पोहली. मिहिर नेहमीसारखा आईबरोबर चालला. कृत्तिकाचं शरीर सदतीस अंशांवरून साडेसदतीसच्या वर गेलं होतं. मिहिरचं बारा मिनिटांत साडेछत्तीसच्या खाली आलं होतं.

"तुम्हाला पाण्यात घामही आला," जलज कृत्तिकाला म्हणाला. तो लहान मुलांनाही अहो-जाहो करत असे.

"पाण्यात घाम!" टॉवेलमधून मिहिर ओरडला. "ताई, काहीही!"

"येतो," आजोबा म्हणाले. "दिसत नाही एवढंच. पोहताना स्नायू काम करतात आणि काम करताना तापतात. ताईचं शरीर म्हणजे सध्या पेटलेली शेगडी आहे. ती उष्णता पाण्यात गेली नाही, तर तिला दम लागणार. तू सावकाश चालतोस, तुझी शेगडी मंद. शिवाय तू लहान. सांग बघू, पातेल्यातला भात लवकर निवतो की वाटीतला?"

"वाटीतला. आणि ताटात पसरला की आणखी लवकर. आई तसाच देते."

"का बरं?"

मिहिरने खांदे उडवले. कृत्तिकाने विचार केला. "कारण जेवढा भात आहे त्याच्या मानाने उघडा भाग जास्त असतो. उष्णता तिथूनच जाते."

"तेच शरीराचं. मिहिरच्या दर किलो वजनामागे कातडी तुझ्यापेक्षा जास्त येते. म्हणून तो वाटीतल्या भातासारखा निवतो."

"पण इथली हवाही एकोणतीसच अंश आहे," कृत्तिका म्हणाली. "हवेत तो कुडकुडत नाही."

"पाणी वहनाने (एका कणाने शेजारच्या कणाला उष्णता देत जाण्याने) हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. अंश सारखे असले तरी ओढ सारखी नसते. आपल्याला अंश कळत नाहीत, अंगातून किती उष्णता चालली आहे तेवढं कळतं."

म्हणजे दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. त्यामुळे प्रश्न सुटला नाही, उलट पक्का झाला.

"सकाळी सत्तावीस आणि संध्याकाळी एकतीस ठेवता येईल का?" कृत्तिकाने विचारलं.

"नाही," जलज म्हणाला. "तलावात पाच लाख लिटर पाणी आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) फार मोठी असते. सगळं पाणी चार अंशांनी चढवायला इथल्या यंत्राला दीड दिवस लागतो."

"मग सगळं कशाला तापवायचं? मिहिरला उथळच भाग लागतो. त्यात किती आहे?"

"पन्नास हजार लिटर. पण मध्ये भिंत नाही. पाणी मिसळेल."

कृत्तिका पाण्याकडे बघत राहिली. "हवा उष्णता हळू नेते ना? मग मध्ये हवा ठेवू. हवा भरलेली भिंत."

जलज म्हणाला, "शर्यतींच्या वेळी तलाव विभागायला रबरी भिंत फुगवतात. ती भांडारात आहे. तिच्या दोन्ही थरांमध्ये हवाच असते. पण उथळ भागाला लागणारे दोन अंश आणायचे कुठून?"

"आमच्याकडून. आम्हाला जास्त झालेत."

"उष्णता आपोआप फक्त गरमकडून गारकडे जाते. इथे दोन्हीकडे एकोणतीसच अंश आहेत. ती हलणार नाही."

"आपोआप नाही हलणार," आजोबा म्हणाले. "कृत्तू, फ्रिजच्या मागे कधी हात लावलायस?"

"गरम लागतं तिथे. का पण? आत तर—" ती मध्येच थांबली. "आतली उष्णता मागे काढून टाकतो तो!"

"वीज खर्चून, उलट दिशेने. त्यालाच उष्मापंप (उष्णता एका जागेहून दुसरीकडे ढकलणारं यंत्र) म्हणतात. आपल्या तलावाला तो आहेच. जलज, तो उष्णता कुठून घेतो?"

"बाहेरच्या हवेतून. हिवाळ्यात ती गार असते, म्हणून वीज जास्त लागते. त्याची नळी पट्ट्यांच्या पाण्याला जोडता येईल." जलजने हिशेब केला. "पट्ट्यांकडे नऊपट पाणी आहे. उथळ भाग दोन अंश चढेल तेव्हा पट्टे पाव अंशसुद्धा उतरणार नाहीत. त्यांचं तापवणं थांबवलं, की उरलेले अंश बाष्पीभवनाने (पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाण्याने) दोन-तीन दिवसांत कमी होतील. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण समितीने माझ्याकडे एकच आकडा मागितला होता."

बुधवारी समितीसमोर कृत्तिकाने सगळं मांडलं. परांजपे सरांनी सह्यांचा कागद उचलला. "इथे बाविसावी सही कोणाची आहे गं? शुक्रवारी एक आणि बुधवारी दुसरं?"

आईने मान वळवून लेकीकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

"माझीच आहे," कृत्तिका म्हणाली. "तिकडे पाणी गरम आहे हे खरंच आहे, सर. त्यातलंच जास्तीचं उथळ भागाला द्या, एवढं म्हणतेय. तुम्हाला सत्तावीसच मिळेल."

सरांनी कागदाची घडी घातली. "मला सत्तावीस मिळाल्याशी मतलब. करा."

समितीने दोन आठवड्यांची परवानगी दिली. घरी जाताना आई म्हणाली, "सही करायच्या आधी मला विचारायचंस." कृत्तिकाने मान हलवली.

पुढच्या रविवारी फुगवलेल्या निळ्या भिंतीच्या एका बाजूला सत्तावीस अंश होते, दुसऱ्या बाजूला एकतीस. सराव संपवून कृत्तिका कठड्यावर आली. शॉवरखालून कोमट पाणी गटाराकडे वाहत होतं.

"जलज, या पाण्यातली उष्णता कुठे जाते?"

"वाया," जलज म्हणाला. "आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावात अशी उष्णता वाया जाणाऱ्या बऱ्याच जागा असतील."

उथळ भागात मिहिर चालत होता. बारा मिनिटं झाली, वीस झाली, तीस झाली. ओठांचा रंग बदलला नाही.

"मिहिर, चल, झाली वेळ," आई म्हणाली. आजवर तिला त्याला फक्त उचलून घ्यावं लागलं होतं, बोलवावं लागलं नव्हतं. तिने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र ती रागावली.

मिहिर वळला नाही. तो आईचंच बोट धरून तिला घेऊन पलीकडच्या कठड्याकडे निघाला होता.