वेंडेलचा खटका

बसा, पोरांनो. त्या वेंडेलचं नाव घेतलं की माझ्या तोंडाची चव जाते, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही. माझ्या सख्ख्या भाच्यावर, एमेटवर गुदरलेला प्रसंग आहे.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायची आदली रात्र, शुक्रवार. अर्धी गोदी घरी बंदुका पुसत बसलेली. कोळंबीच्या एका बोटीच्या पंख्याला तारेचा दोर गुंडाळला होता, तो कापायला एमेट पाण्यात उतरला. साधंच काम. वर मुकादम वेंडेल, एकटा.

पाण्याखाली विजेच्या कांडीने कापतात. कांडी बदलायची झाली की पाणबुड्या फोनवर म्हणतो, "थंड कर." वरच्याने खटका पाडून वीज तोडायची आणि मगच म्हणायचं, "थंड." वेंडेलला तेवढंही जड. "गरम कर, थंड कर! मी काय तुमचा स्वयंपाकी आहे?" खुर्चीवरून बूड न हलवता हा नुसतंच "थंड" म्हणून मोकळा व्हायचा. आदल्या वर्षी याच धक्क्याखाली आमचा दुसरा पाणबुड्या रॉयस त्याच्या शब्दावर विसंबला आणि शॉक लागून मेला. हे आम्हाला मागाहून कळलं. आणि हा निर्लज्ज मयताला येऊन काय म्हणाला? "रॉयसचाच हलगर्जीपणा." थू!

तर, रात्री सव्वाअकराला एमेटची कांडी संपली. पाणी काळंकुट्ट. अंगठ्यापाशी हातमोजा फाटलेला, त्याला पत्ताच नाही.

"थंड कर."

"थंड," वेंडेल म्हणाला.

एमेटने हात पुढे केला.

"खोटं."

फोनवर. अगदी कानाशी.

एमेटचा हात थांबला. "काय म्हणालास, वेंडेल?"

"मी... तूच बोललास ना?"

"मी नाही. खटका पाडलास का?"

"वेंडेल, पाडलास का रे?"

खुर्ची पडली. पावलं पळाली. लांब... आणखी लांब...

एमेट एकटा. कांडीत वीज. फोनवर श्वास ऐकू येत होता. त्याचा स्वतःचा नव्हता.

खट्‌.

"थंड," कुणीतरी म्हणालं. शांतपणे. रॉयस म्हणायचा तसं.

एमेट वर आला. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. वेंडेल गोदीच्या फाटकापाशी सापडला, आणि सगळं ओकला. रॉयसचंही. वर म्हणतो कसा, "कुणीतरी माझी गंमत केली." गंमत!

सकाळी मी स्वतः खटका पाहायला गेलो. पडलेला होता. त्याच्या लाकडी मुठीला एक कालव चिकटलेलं. पाण्याखालच्या खांबाला वर्षभर धरून वाढतं ना, तसं. छिन्नीने काढावं लागलं.

फोडलं... आतलं जिवंत होतं.