हालवर्डचा फाटलेला कोट

दिवा तेवढाच राहू द्या. वारा पडल्याशिवाय फेरीबोट काही धक्क्याला लागत नाही, आणि झोप तर कुणालाच नाही. मग ऐका, पोरांनो. आपल्या हालवर्डची गोष्ट आहे. हो, तोच, सुकटीच्या मांडवापलीकडच्या लाल घरातला. हल्ली तो कुणाशी बोलत नाही. माझ्याशी बोलला, एकदाच. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीची जानेवारी, चौदा तारीख, मंगळवार. हालवर्ड ऑस्लोला निघाला. काम साधंच होतं, मुलीचं सामान घेऊन यायचं.

सुनिवा तिथल्या ऑपेरात शिवणकामाला होती. नऊ वर्षं पोरीनं गाणाऱ्यांचे झगे शिवले. दर हिवाळ्यात बापाला तिकीट धाडायची, एकदा या म्हणायची. हा गेला नाही. आई गेल्यावर पोर घर सोडून गेली, याचा सल त्याच्या मनातून निघत नव्हता. फोनवर एकदा म्हणाला होता, "खोट्या राण्यांना नटवायला गेलीस, आणि बापाला माश्यांच्या संगतीला ठेवलंस." ती नुसती हसली. पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट आलं.

ऑक्टोबरात ती गेली. पोटाचं दुखणं, सहा आठवड्यांत सगळं संपलं. बापाला खबर लागली ती एकदम शेवटचीच. पेटी विमानानं आली. तुमच्यापैकी दोघांनी खांदा दिलाय, तुम्हाला मी काय सांगू.

नाताळ झाल्यावर तिथल्या बेरितचा फोन आला. सुनिवाच्या वरची मोठी शिवणकरीण ही. म्हणाली, तिचं कपाट अजून तसंच आहे, माझ्यानं ते रिकामं होत नाही, तुम्हीच या.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून हालवर्डनं आपला सुका कॉड मासा वर्तमानपत्रात बांधून घेतला. ऑस्लोच्या गाडीत त्याच्या आजूबाजूच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. त्याला वाटलं, शहरातले लोक फार भिडस्त असतात.

चार वाजता तो मागच्या दारापाशी पोचला. तेव्हाच अंधारून आलेलं. बेरित बाहेर आली. साठीची बाई, मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली.

"हालवर्ड ना? वासावरूनच ओळखलं हो," असं म्हणून ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली.

आत नेऊन तिनं कॉफी दिली. शेवटी तिनंच कपाटातलं सामान भरलेलं खोकं पुढ्यात ठेवलं. चष्मा, कात्री, लोकरी मोजे. नऊ वर्षांचं एवढंच. हालवर्डनं खोक्याला हात लावला नाही. खाली बघून विचारलं, "आजारी होती, तर मला का नाही कळवलं?"

बेरित मनगटावरच्या टाचण्या चाचपत राहिली.

"सांगा. मी ऐकायलाच आलोय."

"म्हणाली... बोलावलं आणि तरी आले नाहीत, तर ते मला सोसायचं नाही."

हालवर्ड उठला. बेरितनं त्याची बाही धरली. "थांबा. आज सहाला खेळ आहे. दुसऱ्या अंकात निळा झगा येतो, तो तिच्या हातचा शेवटचा. तेवढा बघून जा. खोकं राहू द्या माझ्यापाशी."

बरं म्हणाला, आणि जरा वारा घेतो म्हणून बाहेर पडला.

त्या ऑपेराचं छप्पर तुम्ही फोटोत बघितलंय. पांढऱ्या दगडाचा उतार, वरपासून थेट खाडीत उतरणारा. त्यावर माणसं चालतात, पोरं घसरगुंडी करतात. त्या दिवशी दुपारी पाऊस पडून गोठलेला. वर कुणी नव्हतं. एक जोडपं होतं, तेही फोटो काढून निघून गेलं.

हालवर्ड चढला नाही. तो खाली गेला. दगड पाण्यात शिरतो तिथपर्यंत.

पाय घसरला, असं तो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही.

पडला तो गुडघ्यावर. मग कुशीवर. धरायला काही नाही. दगड काचेसारखा. खाली पाणी... काळं. आवाजसुद्धा नाही पाण्याला. एक बूट आत गेला. घोट्यापर्यंत. मग पिंढरीपर्यंत.

आणि मागून कुणीतरी धरलं.

कोटाचा डावा खिसा. हिसका असा बसला की शिवण टरकन उसवली. हालवर्ड जागीच थांबला. खिसा ताणलेला. घट्ट.

त्यानं मान वळवली.

कुणी नाही.

पांढरा उतार वरपर्यंत मोकळा. दिवे लागलेले. लपायला खांबसुद्धा नाही. आणि खिसा अजून ताणलेला होता, पोरांनो. त्याच्या डोळ्यांदेखत.

"कोण आहे?"

...

तो हातांवर सरकत वर आला. एक हात. दोन हात. मग ती पकड सुटली. एकदम नाही... एकेक बोट सुटावं तशी.

"सुनिवा?" तो म्हणाला.

वारा पडला होता. कुठं काही हललं नाही.

किती वेळ तिथं बसला, त्याला आठवत नाही. आत गेला तेव्हा दात वाजत होते. कोट ठेवायच्या खिडकीवर हिबो नावाची सोमाली बाई होती, तोंडाची फटकळ.

"काका, या थंडीत खाडीत डुंबायला गेला होतात का? आणि हा खिसा बघा, कुत्र्याच्या कानासारखा लोंबतोय!"

"घसरलो."

"घसरलो म्हणे! बूट काढा. हीटरपाशी ठेवते. जा तसेच मोज्यांवर, अंधारात कोण बघतंय?"

तिनं कोट मागच्या खुंटीला टांगला, आणि हालवर्ड ओल्या मोज्यांनी आयुष्यातला पहिला ऑपेरा बघायला बसला. गाणं त्याला कळलं नाही. दुसऱ्या अंकात निळा झगा आला. गाणारी बाई वळली की तो झगा तिच्यामागून वळायचा, लाट फुटून मागं सरते तसा. लोक बाईकडं बघत होते. हा एकटा झग्याकडं बघत होता, झग्याचा घेर, त्याची कड. एवढ्या दुरून टाके दिसत नाहीत, तरी शोधत होता. शेजारच्या म्हातारीला वाटलं, ह्याला खोकला दाबवत नाही. तिनं हळूच घशाची गोळी पुढं केली. ती घेऊन तो मुठीत धरून बसला.

नवाच्या सुमाराला खेळ सुटला. गर्दी ओसरेपर्यंत तो थांबला, मग खिडकीशी गेला. हिबोनं बूट दिले. कोट दिला.

हालवर्डनं सवयीनं खिशात हात घातला.

खिसा जागेवर होता.

"कुणी शिवला हा?"

"काय?"

"खिसा. कुणी शिवला?"

हिबोनं बघितलं. तिचं बोलणंच थांबलं. ही बाई, जिला कुणी गप्प करू शकलं नव्हतं. "काका... मी इथून हलले नाही. शपथ. मधल्या सुट्टीतसुद्धा नाही. इथं आत कुणी आलंच नाही."

तिनं फोन करून बेरितला खाली बोलावलं. बेरित आली, खोकं काखेत. कोट घेऊन दिव्याखाली गेली. अस्तर उलटं केलं. शिवणीवरून बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग तिथंच बाकावर बसली.

"हा टाका..." म्हणाली.

कोट मांडीवर घेऊन तसाच कुरवाळत राहिली. हालवर्ड तिच्या शेजारी बसला. मग तोच म्हणाला, "तिनं बोलावलं असतं, तर मी आलो असतो." आणि जरा थांबून, "नसतो आलो."

बेरितनं कोट त्याच्या हातात दिला. तेव्हा त्याला दिसलं. शिवण पुरी झाली होती, पण दोरा तोडलेला नव्हता. अस्तराच्या आत लोंबत होता, बारीक, करडा, आणि त्यात सुई ओवलेली.

त्यानं ती बोटांत धरली.

सुईच्या नेढ्यातून बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक... ओलं होतं. ओवण्याआधी कुणी ओठांत धरावं, तसं.