कावळटोकावरची हाक

त्या रविवारी महाराष्ट्रभरच्या डोंगरांवर आणि गडांवर हौशी रेडिओवाले चढणार होते. प्रत्येकाकडे हातात मावेल एवढा बिनतारी संच. मध्ये मोबाईलचा मनोरा नाही, इंटरनेट नाही. एका संचातून निघालेला आवाज थेट दुसऱ्या संचात. दुपारी बारापर्यंत जो सर्वांत लांबच्या माणसाशी बोलेल, तो वर्षभर पहिला. जालना जिल्ह्यातून या खेळात आजवर कुणी उतरलं नव्हतं. यंदा भोकरदनच्या दोघी उतरत होत्या, वर्षाराणी आणि तृप्ती.

दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. वर्षाराणी मेंढपाळाच्या घरातली, आता शाळेत विज्ञान शिकवणारी. तृप्ती बागायतदाराची मुलगी, स्वतःचे शिकवणीवर्ग चालवणारी. परवान्याची परीक्षा दोघींनी एकत्र दिली, संचही सारखेच घेतले. पहिल्या दिवशी वर्षाराणीनं गच्चीवरून संचाची कळ दाबून 'सी क्यू', म्हणजे कुणीही उत्तर द्या, अशी हाक मारली, तेव्हा उत्तर आलं ते पलीकडच्या गल्लीतून, तृप्तीचंच. दोघी पोट धरून हसल्या होत्या. या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये उंचवटा आला की अडतात. गावात बसून लांबचं कुणी भेटणार नव्हतं. म्हणून मग डोंगर गाठायचं ठरलं.

वर्षाराणीनं त्यासाठी अँटिना बनवला. सुताराच्या स्टीलच्या टेपचे तुकडे एका पीव्हीसी पायपावर आडवे बसवले. पाईप ज्या दिशेला धरावा, तिकडे आवाज लांब जाई. झाडीत अडकले तर ते तुकडे दुमडत, सोडले की पुन्हा ताठ होत. तृप्तीनं तो गच्चीवर फिरवून पाहिला आणि म्हणाली, "वर्षा, तुझ्या हाताला खरंच गुण आहे."

डोंगर वर्षाराणीच्या मामांनी सुचवला. गोरक्षनाथमामांची मेंढरं पिंपळगाव रेणुकाईच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेत चरत. कावळटोक हा तिथला सगळ्यात उंच माथा. त्याच्या एका अंगाला खानदेशचा खोल उतार, दुसऱ्या अंगाला भोकरदनची काळी रानं. वाट मामा दाखवणार होते, म्हणून माथ्यावरची पहिली हाक वर्षाराणीची, असं दोघींत ठरलं होतं.

उजाडताच तिघं निघाली. कमरेएवढ्या गवतातून वाट काढताना कुसळं सलवारीतून पायांना टोचत होती. सलई आणि धावड्याच्या झाडीत दहिवरानं पानं चमकत होती, आणि कुठंतरी वर मोरानं एकदा ओरडून पुन्हा गप्प बसणं पसंत केलं. मामा खांद्यावर घोंगडी टाकून पुढं चालत होते. मध्येच थांबून त्यांनी ओल्या मातीत उमटलेला बिबट्याचा पंजा दाखवला आणि काठी जमिनीवर आपटत पुढं निघाले.

झाडी संपली तिथं वाटेला दोन फाटे फुटले.

"सोंडेवरून जाऊ," मामा म्हणाले. "लांब पडंल, पण पाय बराबर टिकतो."

"आणि ही नळी?" तृप्तीनं कातळातली उभी चीर दाखवली. ती थेट माथ्याखाली जात होती.

"जल्दी जाईल. पण पावसानं दगडं सुटून राह्यलेत. परवा मेंढरं घिऊन आल्तो, तवा बघितलंय म्या."

"मामा, बाराला खेळ संपतो. सोंडेवरून गेलो तर वर जाऊन नुसतं ऊन खायचं." तृप्ती वर्षाराणीकडे वळली. "बोल ना गं."

मामाही तिच्याकडेच पाहत होते. वर्षाराणीनं घड्याळ पाहिलं. "जाऊ नळीतून, मामा. सांभाळून जाऊ."

मामा आधी चढले, दोर वर एका बुंध्याला बांधला. अँटिना पाठीला लावून तृप्ती चढली. मग वर्षाराणीची पिशवी घ्यायला मामा अर्ध्यावर उतरले. त्यांनी पाय दिलेला दगड हलला. त्यांनी दुसऱ्यावर भार टाकला. तोही निसटला! कडाडत दगडांचा लोंढा खाली आला. वर्षाराणी कपारीला चिकटली. धूळ बसली तेव्हा मामा तिच्या जवळच, नळीच्या तोंडाशी असलेल्या खडकाळ ओट्यावर पडले होते. डावी नडगी भलत्याच जागी वाकली होती. कपाळातून रक्त वाहत होतं. दोर तुटून त्यांच्या अंगावर पडला होता, आणि नळीतल्या चढायच्या पायऱ्या दगडांबरोबर निघून गेल्या होत्या.

तृप्ती वर, ही दोघं खाली.

"मामा पडले!" वर्षाराणी ओरडली. "तृप्ती, पाय मोडलाय! माथ्यावर जा आणि मदत माग. जल्दी!"

"जाते! तू घाबरू नकोस, मी आत्ता कुणालातरी गाठते."

तृप्तीच्या पावलांचा आवाज वर गेला. वर्षाराणीनं ओढणी फाडून कपाळाला बांधली, काठी मोडून नडगीला दोन्ही बाजूंनी आधार दिला. मामांनी दात आवळून सोसलं. त्या बाजूला मोबाईलला रेंज नव्हती. तिनं आपला संच चालू केला आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर सगळे एकमेकांना हाक मारतात ती लावली. माथा जवळ असल्यानं तृप्ती ऐकू येणार होती. दूरची माणसं मात्र कातळाआडून ऐकू येणार नव्हती, आणि तिचा आवाजही त्यांच्यापर्यंत जाणार नव्हता.

थोड्या वेळानं तृप्तीचा आवाज आला. टेपच्या अँटिनातून तो छान भरून येत होता.

"सी क्यू, सी क्यू. कुणी ऐकत असेल तर उत्तर द्यावं."

"भेटंल आता कुणीतरी," वर्षाराणी मामांना म्हणाली.

संच गप्प झाला. म्हणजे पलीकडून कुणीतरी बोलत होतं. मग पुन्हा तृप्ती: "आपला आवाज अगदी स्पष्ट येतोय. मी जालना जिल्ह्यातून, कावळटोकावरून बोलतेय."

आता सांगेल. वर्षाराणीनं संच कानाशी धरला.

"संपर्काबद्दल आभारी आहे. पुन्हा भेटू."

आणि लगेच दुसरी हाक: "सी क्यू, सी क्यू."

वर्षाराणीला आधी वाटलं, समोरच्याचा आवाज तुटला असेल. किंवा तो फार दूरचा असेल, त्याला सांगून उपयोग नसेल. दुसरा संपर्क झाला. त्यात नाशिककडच्या कुठल्याशा गडाचं नाव आलं. तृप्ती आनंदानं हसली, अंतर विचारलं, समोरच्याला नाव पुन्हा सांगायला लावलं. मामांचं नाव नाही. मदतीचा शब्द नाही.

"तृप्ती," वर्षाराणीनं कळ दाबली, "मी वर्षा. मामांना ग्लानी येतेय. आधी मदत माग. खेळ राहू दे."

कळ सोडली. क्षणभर खरखर. मग तृप्तीचा आवाज आला, शांत, थोडा बदललेला. पण तो वर्षाराणीसाठी नव्हता.

"इथं जरा अडथळा येतोय. आपण दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जाऊ या."

आणि ती गेली.

वर्षाराणी संचाकडे पाहत राहिली. अडथळा. कॉलेजात एका डब्यात जेवलेली मुलगी तिला अडथळा म्हणाली होती.

"काय म्हनली ती?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"लागत न्हाई म्हणाली, मामा."

"डाव्या अंगाला डोंगराचा खांद हाय, सोंडंपरीस जवळ," मामा हळूच म्हणाले. "तिथून समदा मुलूख उघडा दिसतो. पर मदी आग्या मोहळं हायेत. हाललं की उठत्यात. तोंडातून आवाज काढू नको. पळू तर बिलकुल नको."

"तुम्हाला एकटं कसं सोडू?"

"हितं बसून काय करशीन, माय? जा."

तिनं घोंगडी त्यांच्या अंगावर घातली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली आणि निघाली.

कड्याच्या पोटातून जेमतेम एक पाऊल मावेल एवढी धार गेली होती. वर, डोक्यावर हात लांबवला तर लागतील अशी काळी पोळी लोंबत होती. एक, दोन, तीन! त्यांच्यावरून लाट सरकावी तशी थरथर सरकत होती. वर्षाराणीनं संच बंद केला. एक खरखर पुरेशी होती. छाती कातळाला लावली. एक पाय सरकवला, दुसरा त्याच्या शेजारी आणला. घाम डोळ्यांत उतरला, तो तिनं पुसला नाही. एक माशी मनगटावर बसली. मग दुसरी. डंख बसला! तिनं ओठ चावला आणि हात होता तिथंच ठेवला. गुणगुण वाढली. ती थांबली. सगळा कडा तिच्याकडे कान लावून बसल्यासारखा वाटला. मग गुणगुण हळूहळू उतरली आणि तिनं पुढचा पाय टाकला.

ती खांदावर पोचली. समोर कुठलाच आडोसा नव्हता. पूर्वेकडे बुलढाण्याचं पठार धूसर निळं पसरलं होतं.

तिच्याकडे मोठा अँटिना नव्हता, संचाचा आखूड रबरी अँटिना तेवढा होता. पिशवीत थोडी वायर होती. ती तिनं दातानं सोलली, अँटिनाच्या बुडाशी उघड्या धातूला गुंडाळली आणि हातभर लांबीची शेपटी खाली मोकळी सोडली. एवढ्यानंही आवाज बरा जातो, हे तिनं वाचलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं. संच डोक्यावर उंच धरून ती उभी राहिली. आधी ऐकायचं, मग बोलायचं, हा या छंदातला पहिला धडा. तिनं ऐकलं. कुणी दोघं हवापाण्याचं बोलत होते. त्यांचं वाक्य संपलं आणि ती मध्ये शिरली.

"इमर्जन्सी. इमर्जन्सी. कावळटोक, भोकरदन तालुका. माणूस कड्यावरून पडलाय. कुणी ऐकतंय का?"

खरखर. तिनं शेपटी सरळ केली, पुन्हा हाक मारली. आणि बाईमाणसाचा वयस्कर, ठाम आवाज आला.

"ऐकतेय. मी पुष्पाबाई, बुलढाण्याहून. सगळ्यांनी फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा, कुणी मध्ये बोलू नका. बोल बाळा, सावकाश बोल. मी लिहून घेतेय."

वर्षाराणीनं सांगितलं: जागा, वाट, जखम, पिंपळगावातल्या तातेरावांचा नंबर, जे मामांच्या जोडीनं मेंढरं चारत. पुष्पाबाईंनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली, मग फोन करायला गेल्या. परत आल्या तेव्हा ॲम्ब्युलन्स निघाली होती आणि तातेराव भावाला घेऊन डोंगराकडे लागले होते.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुझ्याच डोंगरावरून मघाशी एक मुलगी माझ्याशी बोलली. आवाज फार छान येत होता. तिला हे माहीत नव्हतं का?"

वर्षाराणीनं कळ दाबली. तिनं कळ सोडून दिली.

"बरं," पुष्पाबाई म्हणाल्या. "तू मामांकडे जा. मी इथंच आहे."

ती त्याच धारेवरून परतली. मामा शुद्धीवर होते. ऊन कलायला लागलं तेव्हा सोंडेवरून फिरून तृप्ती खाली आली. चेहरा लाल, खांद्याला अँटिना.

"कुणीच भेटलं नाही गं," ती धापा टाकत म्हणाली. "किती हाका मारल्या मी."

वर्षाराणीनं तिच्याकडे पाहिलं. "अडथळा येत असेल."

तृप्तीनं खाली पाहिलं, मामांच्या पायाकडे, मग दुसरीकडेच. "दहाच मिनिटं राहिली होती, वर्षा. मला वाटलं, संपलं की लगेच सांगते. मग बघितलं तर बॅटरी..."

"सोड."

तातेराव आणि त्यांचा भाऊ आले. घोंगडीची झोळी केली, मामांना तीत घातलं. चार कोपरे होते आणि धरणारी माणसं तीन.

तृप्तीनं अँटिना खाली ठेवून न विचारता चौथा कोपरा धरला. वर्षाराणीनं तिला नाही म्हटलं नाही. गवतातून, दगडांवरून चौघं झोळी सांभाळत उतरली. तोल गेला की एकमेकींना "इकडं" आणि "थांब" एवढंच म्हणायचं. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. वर्षाराणी मामांबरोबर आत बसली आणि दार लागलं. तृप्ती बाहेर राहिली.

मामा वाचले. जालन्याला नडगीत सळई बसली. दवाखान्यातच वर्षाराणीला खेळाच्या आयोजकांचा फोन आला. तृप्तीचा नाशिककडचा संपर्क सगळ्यांत लांबचा ठरत होता. तिच्यासोबतची परवानाधारक म्हणून वर्षाराणीचा दुजोरा हवा होता. शिवाय तिचा स्वतःचा बुलढाण्याचा संपर्कही धरता येईल, असं ते म्हणाले.

"माझा धरू नका. तो खेळातला नव्हता," वर्षाराणी म्हणाली. "आणि तिचं मला माहीत नाही. मी खाली होते. तिलाच विचारा."

पहिलं नाव तृप्तीचं जाहीर झालं. तिनं एक मेसेज पाठवला, मग अजून एक. वर्षाराणीनं दोन्ही वाचले आणि फोन पालथा ठेवला.

मामा कुबडीवर अंगणात फिरायला लागले त्या आठवड्यात एका सकाळी ती संच घेऊन गच्चीवर गेली. चालू केला आणि तृप्तीचा आवाज आला, पलीकडच्या गल्लीतून, स्वच्छ. कुणी ऐकत असेल तर उत्तर द्यावं. गावात दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. तृप्तीनं थांबून पुन्हा हाक मारली. वर्षाराणी शेवटपर्यंत ऐकत राहिली, ती कशात अडकलीय का, कुणाला काही झालंय का, तेवढ्यासाठी. तसं काही नव्हतं.

तिनं संच बंद केला.