निवळी प्यालेली ब्लूबेरी

"गांडोबा खोटं बोलतोय!" शाल्मली इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर बघू लागल्या.

गांडोबा हा आजोबांनी बनवलेला बोटभर लांबीचा यंत्रमानव. गांडुळासारखा मातीत शिरायचा आणि मुळांपाशी काय चाललंय ते सांगायचा. खोटं बोलायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

साताऱ्यातल्या त्यांच्या गॅलरीत एका टबात ब्लूबेरीचं झुडूप होतं. चांद्रतळावर यंत्रं दुरुस्त करायला जाताना आईनं ते शाल्मलीच्या हवाली केलं होतं. "मी येईपर्यंत जगव गं," एवढंच ती म्हणाली होती. आणि आता त्याची कोवळी पानं पिवळीधमक पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या.

गांडोबा पुन्हा म्हणाला, "मातीत लोह भरपूर. झाड लोहावाचून उपाशी."

"ताट भरलेलं आणि खाणारा उपाशी? असं कसं होईल, आजोबा?"

आजोबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). त्यांनी टिपकागदाला ओली हळद फासली आणि टबाखालच्या ताटलीतलं पाणी त्यावर टाकलं. पिवळा कागद बघता बघता लालभडक झाला. शाल्मली दचकून मागे सरली.

"हळद लाल कशानं होते?" आजोबांनी विचारलं.

"चुन्यानं. कुंकू तसंच तर..." तिची नजर कोपऱ्यातल्या तांब्याकडे गेली.

गेल्या वर्षी तिचा हात मोडला, तेव्हा आई तिला दुधात चमचाभर चुन्याची निवळी (चुना खाली बसल्यावर वरचं नितळ पाणी) द्यायची. हाडं बळकट होतात म्हणून. मग झाड बळकट व्हायला नको? ती दर रविवारी टबात निवळी ओतत होती. आजही ओतली होती. तिनं हे सगळं आजोबांना सांगितलं.

"किती?"

"तांब्याभर."

आजोबांचा आ वासलेलाच राहिला. कुणी झाडाला निवळी पाजेल, हे चाळीस वर्षं माती चिवडलेल्या माणसाला सुचलंच नव्हतं.

"अगं, ब्लूबेरीला आंबट माती लागते," ते शेवटी म्हणाले. "सामू (आम्लता मोजायचं माप) सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल. हिला साडेचार ते साडेपाच हवा. आपल्याकडच्या जमिनीत बरेचदा चुनखडी असते, म्हणून तर टबात लावायची. चुन्यानं सामू चढतो आणि लोह विरघळतच नाही. मुळं पाण्यात विरघळलेलंच पिऊ शकतात. लोह आहे, पण कुलपात."

"म्हणजे मीच मारत होते तिला?" शाल्मली मटकन खाली बसली. दुसऱ्या क्षणी उठून तिनं स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणली.

"थांब! आता भाजून काढतेस काय मुळं?" आजोबांनी बाटली काढून घेतली.

दोघांनी टब रिकामा केला. जुनी माती अलगद झाडली. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चीड (पाइन) झाडाच्या सालीचे तुकडे भरले, चिमूटभर गंधक मिसळलं. मातीतले जिवाणू गंधकापासून सावकाश आम्ल बनवतात. बोअरच्या पाण्यातही चुना असतो, म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी घातलं.

"जगेल?"

"पिवळी पानं काही सुधारायची नाहीत. नवी हिरवी आली, तर जगली म्हणायची."

संध्याकाळी आईचा फोन आला. शाल्मलीनं रडत रडत सगळं सांगून टाकलं. चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, ते नेहमीचंच. तेवढे सरताच पडद्यावरची आई एकदम पुढे सरकली. शाल्मलीला धडकीच भरली.

"तांब्याभर?" आई म्हणाली. तिचे डोळे विस्फारले होते. "शमे, इथल्या टबांमध्ये काही केल्या काही उगवत नाहीये. खत बदललं, दिवे बदलले. सामू कुणी मोजलाच नाही गं!"

तिनं घाईघाईनं पेन शोधलं.

"हं, सांग. हळदीपासून सुरुवात कर. आणि सावकाश, मी लिहून घेतेय."